रिकाम्या हातांचं गणित

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा कल्पनाखेळ 1974 साली अमेरिकेत आला. त्यात तलवारी आहेत, मंत्र आहेत, ड्रॅगन आहेत. मला मात्र सगळ्यात जास्त नवल वाटतं ते त्यातल्या रिकाम्या हाताचं.

2014च्या नियमांत ठोशाची इजा किती? 1, अधिक ताकदीमुळे मिळणारी भर. खंजिरासाठी चार बाजूंचा फासा टाकतात, लांब तलवारीसाठी आठ बाजूंचा. ठोशाला फासाच नाही! म्हणून हल्ला लागतो का ते ठरवणाऱ्या वीस बाजूंच्या फाशावर 20 पडले, तर तलवारीचा इजेचा फासा दोनदा टाकायला मिळतो, पण ठोसा होता तेवढाच राहतो. दुप्पट करायला फासा हवा ना. त्याच नियमांत घरच्या मांजराच्या पंज्याचीही इजा 1. म्हणजे ताकदीची भर नसलेल्या सामान्य गावकऱ्याची मूठ आणि मांजराचा ओरखडा एकाच मापाचे.

आता असे दोन गावकरी भांडायला उभे करा. प्रत्येकाचे हिट पॉइंट, म्हणजे इजा सोसायचे गुण, 4, अंगावर चिलखत नाही. 8 किंवा जास्त पडले की ठोसा लागतो, म्हणजे विसांत तेरा वेळा. एकाने दुसऱ्याला लोळवायला सरासरी सहाहून किंचित जास्त फेऱ्या लागतात. फेरी सहा सेकंदांची, म्हणजे जेमतेम 37 सेकंद. चौकातलं भांडण याहून फार लांबत नाही. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा कागदाकडे बघतच राहिले.

हे साधेपण सहज आलेलं नाही. 1979च्या मार्गदर्शक पुस्तकात खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी ठोसे, झोंबाझोंबी आणि अंगावर तुटून पडणं यांसाठी वेगवेगळे तक्ते दिले होते, तेही टक्केवारीचे. 1989च्या आवृत्तीत हल्ल्यासाठी पडलेला आकडाच ठोसा कोणत्या जातीचा ते ठरवायचा. कल्पना देखणी होती, पण प्रत्येक ठोशाला तक्ता उघडायचा म्हणजे मारामारी थांबवून वाचन करायचं.

आणि खरी जादू ठोशात नाहीच, ती पकडीत आहे. 2014च्या नियमांत पकडीला एक मोकळा हात पुरतो. दोघांच्या फाशांची झुंज होते. पकड बसली की समोरच्याचा वेग शून्य. त्याचे हात मोकळेच असतात, तो तलवार चालवू शकतो, फक्त जागचा हलत नाही. त्यात त्याला ढकलून आडवा पाडला, तर? उठायला निम्मा वेग खर्चावा लागतो. वेग शून्य, त्यामुळे उठता येत नाही. कुस्तीत खाली दाबून धरलेला गडी कसा अडकतो, ते इथे दोन छोटे नियम एकमेकांत गुंतून आपोआप घडतं. ‘दाबून धरा’ असा नियम वेगळा लिहावाच लागला नाही.

हेच दोन नियम ड्रॅगनलाही लागतात. पकड आपल्याहून फार तर एक आकार मोठ्यावर बसते, आणि प्रौढ ड्रॅगन माणसाहून दोन आकार मोठा. पण आकार वाढवणारा मंत्र माणसाला एक पायरी वर नेतो. असा माणूस उडत्या ड्रॅगनच्या पाठीवर पोचला आणि फाशांची झुंज जिंकला, की पंखांचाही वेग शून्य. दोघं खाली! दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा इजेचा. साठ फुटांवरून सहा फासे, सरासरी 21. आपटल्यावर दोघंही आडवे. माणूस उठू शकतो. त्याची पकड टिकून असेपर्यंत ड्रॅगन उठू शकत नाही.

2024च्या नियमांत ही झुंज गेली. आता पकडला जाणारा स्वतः फासा टाकून बचाव करतो. आणि बचाव फसला तरी तो यशस्वी धरायचा, ही मुभा प्रौढ ड्रॅगनला दिवसातून ठरावीक वेळा असते. जुन्या झुंजीत ती चालत नव्हती. दहा वर्षं ड्रॅगनकडे माणसाच्या पकडीवर हा उतारा नव्हता.