डोके झाका, नाक-तोंड मोकळे ठेवा

शिरूर कासारच्या कोणत्याही रस्त्यावर पहाटे निघालात, तर भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतील. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले. आपल्या जिल्ह्यातली पोरे धावू शकतात, हे आता कोणाला सांगावे लागत नाही. पण उन्हाळा लागला की यातल्या अनेकांचे तोंड बांधलेले असते. कोणाला कोरोनापासूनची मास्कची सवय, कोणाचा रुमाल, तर मुलींचा स्कार्फ डोळ्यांपुरती फट ठेवून आवळलेला. पालक आम्हाला विचारतात, "सिस्टर, धूळ आहे, ऊन आहे. तोंड बांधूनच पळू द्यावे ना?"

आमचे उत्तर असे : उन्हाळ्यात धावताना, कबड्डी-खोखो खेळताना किंवा जयंतीच्या लेझीमचा सराव करताना नाक-तोंड बांधू नये. त्याची कारणे समजून घेऊ.

धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा बहुतेक भाग उष्णता होऊन शरीरात साठतो. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घाम. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तरच अंग थंड होते. बांधलेल्या कापडाखाली चेहऱ्याचा घाम वाळत नाही. दुसरी गोष्ट श्वासाची. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. जोरात धावणाऱ्या तरुणाला शंभर लिटरपर्यंत हवा लागू शकते. घामाने भिजलेले कापड नाकाला चिकटते आणि नेमकी तेव्हाच हवा अडते.

मास्कने रक्तातला ऑक्सिजन संपतो, अशी एक भीती पसरली होती. ती खरी नाही. निरोगी तरुणांच्या चाचण्यांत व्यायाम करताना मास्कमुळे ऑक्सिजन फारसा घटल्याचे दिसले नाही. खरा धोका वेगळा आहे. तोंड बांधलेला मुलगा मधे थांबून पाणी पीत नाही. त्याचा चेहरा लाल झाला, ओठ सुकले, तो असंबद्ध पुटपुटू लागला, तरी प्रशिक्षकाला ते दिसत नाही. एका सरावात स्कार्फ बांधलेली मुलगी मटकन खाली बसली. ती थकली असेल म्हणून बरोबरच्या मुली पुढे गेल्या. आम्ही स्कार्फ सोडला, तेव्हा तिला स्वतःचे नाव नीट सांगता येत नव्हते. अंगावर पाणी ओतून वारा घातला, म्हणून ती सावरली.

कोरोनाची साथ भरात असताना, २०२० मध्येही, जागतिक आरोग्य संघटनेने व्यायाम करताना मास्क लावू नये, त्याऐवजी अंतर ठेवावे, असेच सांगितले होते. जपानमध्ये मास्कची सवय जुनी आहे. तिथेही जून २०२२ मध्ये शिक्षण मंत्रालयाने शाळांना कळवले, की उष्माघाताचा धोका असल्याने कवायतीच्या तासाला मुलांचे मास्क काढायला लावा.

उन्हात जोराने धावणे मुळातच किती जोखमीचे आहे, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटरच्या चाचणीनंतर काही तरुण उमेदवार दगावले. आता भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. अंतर कमी झाले, पण बीडचा उन्हाळा तोच आहे. दिवसभर मजुरी करून, अर्धपोटी सरावाला येणाऱ्या आपल्या मुलांना तो जास्त बाधतो.

मुलींच्या स्कार्फमागे बऱ्याचदा ऊन नसते, "काळी पडशील, लग्न कसे जमेल" ही घरातली धास्ती असते. स्पष्ट सांगतो, रंगासाठी लेकीचा श्वास कोंडू नका. काळा रंग हा आजार नाही, उष्माघात जीव घेतो.

मग धुळीचे काय? साधा रुमाल बारीक धूळ फारशी अडवत नाही. जागा आणि वेळ बदलणे हाच उपाय. डंपरच्या रस्त्याऐवजी मैदान किंवा शेतातली वाट धरा. सराव सकाळी आठच्या आत संपवा. उन्हाळ्यात पहिले आठ-दहा दिवस अंतर कमी ठेवा, मग हळूहळू वाढवा. सरावाआधी पाणी प्या आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे घ्या. लघवी गडद पिवळी होत असेल, तर पाणी कमी पडते आहे. घाम फार गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घ्या, चमचा चहाचा. मैदानावर येता-जाता डोक्याला पांढरा सुती रुमाल किंवा टोपी जरूर असावी.

मास्कची जागा वेगळी आहे. दवाखान्यातली गर्दी किंवा घरात क्षयरोगाचा रुग्ण असेल, तर तो लावावाच. ताप-खोकला असेल तर मास्क लावून पळू नका, घरी थांबा. दम्याच्या मुलाने डॉक्टरांना विचारून पंप जवळ ठेवावा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, ती तपासणी मोफत होते.

सरावात कोणी अडखळू लागले, उलटी झाली, बडबडू लागले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. आधी सावलीत न्या, तोंडावरचे कापड आणि घट्ट कपडे काढा. सर्वांगावर पाणी ओता, वारा घाला. मान, काख आणि जांघेत ओली फडकी ठेवा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

रविवारी विहारात हे पान मोठ्याने वाचून दाखवा. गावातल्या सरावाच्या जागेवर भरलेला पाण्याचा ड्रम, मग आणि चार फडकी ठेवायची जबाबदारी त्याच बैठकीत कोणावर तरी सोपवा.