टक्केवारीदर्शक शब्दप्रयोग

एखाद्या राशीचे शंभर समान भाग कल्पून तिच्या अंशाचे प्रमाण सांगणारा शब्दप्रयोग. इंग्रजीतील ‘पर सेंट’ ही संज्ञा ‘शंभरामागे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आली. मराठीत या अर्थी ‘शेकडा’ व ‘टक्का’ हे शब्द रूढ असून, त्यांपैकी टक्का हे मुळात नाण्याचे नाव होय. अशा प्रयोगात तीन घटक असतात : संख्या, टक्का हे पद आणि जिचे शंभर भाग कल्पिले ती आधारराशी. आधारराशी पुष्कळदा अध्याहृत राहते आणि अर्थाची संदिग्धता मुख्यत्वे तेथूनच उद्‌भवते.

वाक्यरचना : इंग्रजीत संख्येबरोबर ‘पर सेंट’ व संख्या नसताना ‘पर्सेंटेज’ वापरण्याचा प्रघात आहे. मराठीतही ‘६० टक्के मतदान’, परंतु ‘मतदानाची टक्केवारी’ असे म्हणतात. इंग्रजीत ‘पर सेंट ऑफ’ यापुढे येणाऱ्या नामाच्या वचनाप्रमाणे क्रियापद बदलते. जमिनीविषयी ‘इज’, तर अनेक भूखंडांविषयी ‘आर’ येते. मराठीतही ‘१० टक्के जमीन पडीक आहे’, पण ‘१० टक्के भूखंड रिकामे आहेत’, अशी रचना होते. नाम गाळल्यास क्रियापद ‘टक्के’ या पदाप्रमाणे चालते, उदा., ‘१० टक्के उरले’. वाढ आणि पातळी यांतील भेद इंग्रजीत ‘बाय’ व ‘टू’ या अव्ययांनी दर्शवितात. मराठीत ‘दर ५ टक्क्यांनी वाढला’ यातून वाढीचे प्रमाण, तर ‘दर ५ टक्क्यांवर गेला’ यातून नवी पातळी कळते.

नवी मुंबईतील उदाहरण : आधारराशीचे महत्त्व नवी मुंबईच्या भूसंपादनात ठळकपणे दिसते. सिडको या महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन योजनेखाली आली. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. पुढे १९९० मध्ये शासनाने संपादित क्षेत्राच्या १२·५ टक्के इतकी विकसित जमीन प्रकल्पग्रस्तांना देण्याचे ठरविले. ‘साडेबारा टक्के’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून या परिसरात योजनेचे नावच बनला आणि ‘साडेबारा टक्क्यांचा भूखंड’ अशी रचना रूढ झाली. नावात आधारराशीचा उल्लेख नाही. ती ऐकणाऱ्याने गृहीत धरावयाची असते.

या योजनेत सामाजिक सुविधांसाठी ३·७५ टक्के क्षेत्र वजा करून ८·७५ टक्के क्षेत्र प्रत्यक्ष वाटपासाठी धरले जाते. एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौ. मी. जमीन संपादित झाल्यास १२·५ टक्क्यांचे १,२५० चौ. मी. होतात, त्यांतून ३७५ चौ. मी. वजा जाऊन ८७५ चौ. मी. उरतात. वजा झालेले हे क्षेत्र मूळ जमिनीच्या ३·७५ टक्के, पण देय क्षेत्राच्या ३० टक्के ठरते. दोन्ही विधाने खरी आहेत. मात्र आधारराशी न सांगता पहिला आकडा दिल्यास कपात अल्प वाटते, तर दुसरा दिल्यास ती मोठी भासते.

तुलनेतही हीच दक्षता आवश्यक असते. नवी मुंबई विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांकरिता २०१४ मध्ये २२·५ टक्के विकसित जमिनीचा पर्याय ठरविण्यात आला. १२·५ वरून २२·५ ही वाढ १० अंकांची आहे. मूळ प्रमाणाच्या तुलनेत मात्र ती ८० टक्के होते. पहिल्या प्रकारच्या फरकासाठी इंग्रजीत ‘पर्सेंटेज पॉइंट’ ही स्वतंत्र संज्ञा आहे. मराठीत तिला सर्वमान्य प्रतिशब्द रूढ नसल्याने ‘१० टक्के वाढ’ असे न म्हणता ‘१२·५ टक्क्यांवरून २२·५ टक्क्यांवर’ असे दोन्ही आकडे देणे इष्ट ठरते. करार, अधिसूचना व नोटिसा यांत टक्क्याच्या आकड्यालगत ‘संपादित क्षेत्राच्या’ किंवा ‘देय क्षेत्राच्या’ यांसारखे षष्ठ्यंत पद असल्यास आधारराशीविषयी संदेह राहत नाही.