जाड शीट आरपार कापली जात नाही? पॉवर वाढवण्याआधी लेझरचा फोकस बघा

सटाणा : लग्नसराई आली, यात्रा आली की नेमप्लेट, सन्मानचिन्हं आणि एमडीएफचे देव्हारे यांची कामं लेझर कटिंगवाल्याकडे येतात. ३ मिमीची शीट झटक्यात कापली जाते. देव्हाऱ्यासाठी १० किंवा १२ मिमीची शीट लावली की वरून रेघ छान दिसते, पण तुकडा काही सुटत नाही. मग पॉवर वाढवली जाते. कडा काळ्या पडतात, ट्यूब लवकर उतरते आणि तुकडा तरी चिकटलेलाच राहतो. बऱ्याचदा दोष पॉवरचा नसून फोकसचा असतो.

उन्हात भिंग धरून कागद जाळायचा खेळ सगळ्यांनीच केलेला असतो. भिंग ठराविक उंचीवर असलं तरच कागद पेटतो. लेझरच्या लेन्सचंही तसंच. किरण एका बिंदूपाशी बारीक होतो आणि त्याच्या पुढे पुन्हा पसरतो. ठिपक्याची रुंदी तिप्पट झाली, की तीच पॉवर नऊपट जागेवर विभागली जाते. फोकस शीटच्या वरच्या पृष्ठावर असेल, तर १२ मिमी खाली पोहोचेपर्यंत किरणात जोरच उरत नाही.

म्हणून जाड मालाला फोकस शीटच्या आत घ्यावा लागतो, साधारण जाडीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत. आधी मशीनसोबत आलेल्या ठोकळ्याने नेहमीसारखा फोकस लावायचा. मग १२ मिमीच्या शीटसाठी बेड ४ मिमी वर घ्यायचा. बेड हलत नसेल, तर लेन्सची नळी तेवढी खाली सरकवायची. त्यानंतर नोझल आणि शीट यांच्यात किती फट उरली, ते जरूर बघावं. एमडीएफ पावसाळ्यात फुगते, वाकते. चालू कामात नोझल अडकलं तर पूर्ण शीट सरकते.

लाल ठिपका बघून फोकस लावण्याची सवय मात्र सोडलेली बरी. तो फक्त जागा दाखवतो. कापणारा सीओटू लेझरचा किरण डोळ्याला दिसतच नाही. (या लेझरचा शोध १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये सी. कुमार पटेल यांनी लावला. त्यांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्यात झालेलं.)

खरा फोकस शोधायला एक फळी तिरपी ठेवायची, एक टोक १०-१५ मिमी उंच, आणि कमी पॉवरवर सरळ रेघ मारायची. रेघ जिथे सगळ्यात बारीक, तिथली नोझलपासूनची उंची मोजून मशीनवर लिहून ठेवायची. पुढे त्याच मालाच्या वाया गेलेल्या तुकड्यावर २ सेंमीचे चौकोन कापून बघायचे: फोकस पृष्ठावर, २ मिमी आत, ४ मिमी आत, ६ मिमी आत. पॉवर आणि स्पीड चारही वेळा तेच. जो चौकोन हाताने न ढकलता पडतो, तो आपला आकडा. १० मिनिटांचं काम आहे, पण गिऱ्हाइकाची महागडी ॲक्रिलिक शीट वाचते.

तरीही कापलं नाही, तर आधी लेन्स साफ आहे का ते बघावं. हवेचा पंप नीट चालला पाहिजे, नाहीतर धूरच किरण अडवतो. जाड माल रोजचाच असेल, तर २ इंची लेन्सऐवजी ४ इंची लेन्स परवडते. तिचा किरण हळू पसरतो, कड सरळ येते. मात्र ठिपका जाड असल्याने बारीक अक्षरं तिच्यावर नकोत. दोन फेऱ्यांत कापायचं असेल, तर दुसऱ्या फेरीआधी फोकस आणखी १-२ मिमी खाली घ्यावा.

जाड ॲक्रिलिक कापताना पेट घेऊ शकतं, त्यामुळे मशीन चालू ठेवून चहाला जाऊ नये आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी असावा. आणि फ्लेक्स, रेक्झिन किंवा पीव्हीसीचा सनबोर्ड कोणत्याच फोकसवर कापू नये. त्याच्या धुरातून आम्लाची वाफ निघते. ती छातीला बाधते आणि मशीनच्या लोखंडी भागांना गंज चढवते.