पंप बदलला, तरी दिवा पेटलेलाच

"स्कॅनरवर पंपाचा कोड आलाय. पंप गेला." गॅरेजमध्ये हे वाक्य इतक्या ठामपणे सांगितलं जातं की गाडीवाला पुढं काही विचारतच नाही. मागचं सीट उचललं जातं, टाकीवरचं झाकण उघडतं, नवा पंप बसतो, कोड पुसला जातो. चार दिवसांनी चेक-इंजिनचा तोच पिवळा दिवा पुन्हा हजर. मग खुलासा येतो, "नवा पंपही खराब निघाला, कंपनीचं नशीब!" यात कंपनीचा दोष नाही आणि नशिबाचाही नाही. जुना पंप बहुधा धडधाकट होता आणि तो आता भंगारात गेलाय.

घोळ सुरू होतो तो कोडच्या वाचनापासून. पी-०२३० या कोडचा अर्थ एसएई जे-२०१२ या प्रमाणकात ठरलेला आहे: फ्यूएल पंप, प्रायमरी सर्किट. लोक 'फ्यूएल पंप' एवढंच वाचतात आणि 'सर्किट' गाळतात. रिले, म्हणजे विजेनं चालणारं बटण, वापरणाऱ्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत हे प्रायमरी सर्किट म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरपासून रिलेच्या कॉइलपर्यंतची बारीक वायर. पंपाला जाणारा मोठा करंट तिच्यातून जातच नाही, तो रिलेच्या दुसऱ्या बाजूनं जातो. त्या बाजूसाठी पी-०२३१ आणि पी-०२३२ असे वेगळे कोड आहेत, पहिला व्होल्टेज कमी असल्याचा, दुसरा जास्त असल्याचा. म्हणजे पी-०२३० आल्यावर पंप बदलणं हे पंखा फिरत नाही म्हणून बटण न तपासता नवा पंखा आणण्यासारखं झालं.

पंपावर खरोखर संशय घ्यावा असा कोड म्हणजे पी-००८७, रेलमधला दाब कमी. तिथंसुद्धा तुंबलेला फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर आणि पाइपातली गळती हे पंपाचे सोबती असतातच. नव्या गाड्यांत रिलेच्या जागी पंपाचं वेगळं कंट्रोल मॉड्यूल असू शकतं. ते पंपाचा वेग गरजेप्रमाणं कमी-जास्त करतं. तिथं पी-०६२७ किंवा पी-०२५ए येतो, आणि मॉड्यूलशी संपर्कच तुटला तर यू-०१०९. यातला एकही कोड पंपाची मोटर जळाल्याचा दाखला देत नाही.

मग शोधायचं कसं? रिलेवाल्या गाडीत किल्ली फिरवायची, पण सेल्फ मारायचा नाही. मागच्या सीटखालून साधारण दोन सेकंद घूं असा आवाज यायला हवा. नसेल येत तर आधी फ्यूज, मग रिले. रिलेच्या पायांवर बहुधा ८५, ८६, ३० आणि ८७ असे आकडे असतात. ८५-८६ ही कॉइल, ३० वर बॅटरीचा करंट येतो आणि ८७ वरून पंपाकडे जातो. फ्यूज बॉक्समध्ये अगदी त्याच नंबरचा दुसरा रिले असेल, बऱ्याचदा हॉर्नचा असतो, तर अदलाबदल करून बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

आता ज्या चुकीनं माझं डोकं फिरतं ती. पंपाचा प्लग काढायचा, त्यात मल्टिमीटरच्या पिना खुपसायच्या, १२ व्होल्ट दिसले की जाहीर करायचं, "करंट येतोय, म्हणजे पंपच गेला." अहो, मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो १२ व्होल्ट दाखवणार. पंप मात्र पाच-सहा अँपिअर मागतो, आणि हिरव्या पडलेल्या जोडात १ ओमचा अडथळा असला तरी तीन-चार व्होल्ट तिथंच खर्ची पडतात. पंपाला आठेक व्होल्ट मिळतात, तो रडतखडत फिरतो आणि गाडी चढावर दम टाकते. म्हणून प्लग लावलेला ठेवून, पंप चालू असताना मोजायचं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून पंपापर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडलं तर वायरिंग बघा. तेवढीच तपासणी अर्थच्या बाजूनंही करा. बॉडीला अर्थ जिथं बोल्टनं कसलेला असतो तिथं पावसाळ्यानंतर गंज धरतो, आणि सीटखालची वायर उंदरांच्या फार आवडीची. हे सगळं ठीक निघालं, दाबाचा गेजही कमी दाखवतोय, तर मग खुशाल पंप बदला.

पंप खराब होतच नाहीत असं मुळीच नाही. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीनं वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या फ्यूएल पंपातल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या होत्या. आपली गाडी अशा यादीत आहे का, हे चॅसी नंबरवरून कळतं आणि असेल तर दुरुस्ती फुकट होते. खिशातून पैसे काढण्याआधी एवढं तरी तपासावं.

बाकीच्या समजुती थोडक्यात. घूं आवाज येतो म्हणजे पंप ठणठणीत, हे खोटं. आवाज येऊनही दाब कमी असू शकतो. बॅटरीचं टर्मिनल काढलं की दोष जातो, हेही खोटं; बऱ्याच गाड्यांत फक्त कोड पुसला जातो आणि त्यासोबत दोष आला त्या क्षणाची नोंदही, जी मेकॅनिकला सगळ्यात जास्त कामाची असते. दिवा आपोआप विझला म्हणजे गाडी बरी झाली, असंही नाही. सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की कॉम्प्युटर दिवा विझवतो, पण कोड आत राहतो. पिवळा दिवा पेटताच गाडी रस्त्यात सोडायची गरज नसते. तो लुकलुकत असेल तर मात्र वेग कमी करून थांबा. तेव्हा मिसफायरमुळं न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतं. पेट्रोलच्या टाकीत विजेची मोटर, मग भडका उडेल, ही भीतीही व्यर्थ. हवेशिवाय पेट्रोल पेटत नाही आणि उलट तेच पेट्रोल मोटरला थंड ठेवतं. त्यामुळं कायम रिझर्व्हवर गाडी पळवणाऱ्यांनी पंपाच्या नावानं फार बोटं मोडू नयेत. आणि पंपाचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्यावर तार गुंडाळून देणाऱ्याकडं गाडी परत नेऊ नका.