लोकरी मावा आणि समुद्राचं गणित

पेठ वडगाव : उसाच्या पानावर मावा दिसला की आपला हात लगेच पंपाकडे जातो. पण जरा थांबा!

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) इटलीलगतच्या एड्रियाटिक समुद्रात मासेमारी थंडावली. फ्यूम बंदराच्या बाजारात शार्कसारख्या शिकारी माशांचा वाटा १९१४ साली सुमारे १२ टक्के होता, तो १९१८ साली ३६ टक्क्यांवर गेला. असं का व्हावं? व्होल्टेरा या गणितज्ञाने १९२६ मध्ये समीकरणे मांडून उत्तर दिले. भक्ष्य वाढले की भक्षक वाढतो, मग भक्ष्य घटते, मागोमाग भक्षकही, रहाटगाडगंच ते! मात्र दोघांनाही सरसकट मारले, तर सरासरीने भक्ष्य वाढते आणि भक्षक घटतो. जाळी थांबली, म्हणून शिकारी वाढले.

उसातही हेच. २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात लोकरी मावा आढळला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रात पसरला. त्याला आवर घालण्यात डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींचा मोठा हात होता. सरसकट फवारणीत मावा मरतो, तशी मित्रकीडही मरते. मावा झपाट्याने परत येतो, मित्रकीड मागे पडते. पैसाही गेला, ऊसही गेला!

तेव्हा पंप भरण्याआधी पान उलटून बघा. मावा खाणाऱ्या अळ्या दिसल्या, तर फवारणीची घाई नको. कृषी सहायकांनी व ग्रामसेवकांनी ही गोष्ट ग्रामसभेत जरूर सांगावी.