पू की कर्करोग? मेंदूतल्या पाण्याला विचारा

कॉन्ट्रास्ट देऊन काढलेल्या मेंदूच्या एमआरआयमध्ये कधी एक पांढरं कडं उमटतं आणि आत काळी पोकळी. हे कडं गळवाचं असेल, ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्याच कर्करोगाचं असेल किंवा फुप्फुसातून पसरलेल्या कर्करोगाचंही. नुसत्या कड्यावरून भलेभले फसतात. तापावर विसंबावं, तर मेंदूत गळू झालेल्या कित्येकांना तापच नसतो. उपचार मात्र पार वेगळे. गळवातला पू काढून आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक द्यावी लागतात. ग्लायोब्लास्टोमा शक्य तितका काढून पुढे रेडिएशन आणि केमोथेरपी.

इथे डिफ्युजन, म्हणजे पाण्याची हालचाल टिपणारं एमआरआय, कामाला येतं. पाण्याचे रेणू सतत भरकटत असतात. त्या भरकटण्याचं गणित आइन्स्टाइनने १९०५ साली मांडलं. १९८०च्या दशकात फ्रान्सच्या देनी ल बिहाँ यांनी ते एमआरआयच्या चित्रात उतरवलं. पू घट्ट असतो, पेशी, जिवाणू आणि प्रथिनांनी गच्च. त्यात पाणी अडखळतं. कर्करोगाच्या गाठीत मधोमध पेशी मरून साठलेला द्रव बहुधा पातळ असतो, तिथे ते मोकळं फिरतं. म्हणून डिफ्युजनमध्ये गळवाचा गाभा लख्ख पांढरा दिसतो, गाठीचा काळसर. पाणी किती मोकळं फिरतं ते मोजणारा जोडीचा एडीसी नकाशाही पाहायलाच हवा. तिथे तोच भाग काळा असेल, तरच पाणी खरोखर अडलेलं आहे.

मेंदूतल्या एपिडर्मॉइड आणि अरॅक्नॉइड या दोन प्रकारच्या सिस्ट (पिशव्या) नेहमीच्या चित्रांत जवळजवळ सारख्याच दिसतात. त्यांनाही डिफ्युजनच वेगळं करतं: एपिडर्मॉइड पांढरी उजळते.

गळू की कर्करोग ही शंका तरी उरलीच, तर स्पेक्ट्रोस्कोपी ही एमआरआयचीच तपासणी पोकळीतली रसायनं ओळखते. पुवात अमिनो आम्लं सापडतात. अॅसिटेट आणि सक्सिनेटही दिसलं, तर ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जिवाणूंचा संशय बळावतो. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत यावर मोलाचं काम झालं आहे. आपल्याकडे नेहमी भेटणाऱ्या सिस्टिसर्कोसिसची खूण त्याहून सोपी, पोकळीत दिसणारा ठिपका. ते फीतकृमीच्या अळीचं डोकं.

अपवाद आहेतच. बुरशीचं किंवा उपचार सुरू झालेलं गळू पांढरं दिसेलच असं नाही, आणि रक्तस्राव झालेली गाठ उगाच उजळू शकते. पण डिफ्युजनला दोन-तीन मिनिटंच लागतात आणि इंजेक्शनही लागत नाही. पोकळी असलेल्या गाठीचा अहवाल त्याशिवाय लिहिलाच जाऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. कारण निदान हुकलं आणि गळू फुटून पू मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्यांत शिरला, तर रुग्ण वाचवणं फार कठीण होतं.