मरळीच्या टाकीत तुमचा ‘एन’ किती?

मरळ बाजारात जिवंत का मिळते, हे तुम्हाला माहीत असेल. कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेण्याचा एक कप्पा असतो. अंग ओलं राहिलं की ती पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते. म्हणून नव्या संशोधकाला वाटतं, एवढा चिवट मासा सांभाळायला काय कष्ट! मलाही तसंच वाटलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी दोनातला एक मासा कोपऱ्यात मेलेला, शेपटी फाटलेली. वहीत मी ‘तीव्र आक्रमकता’ अशी नोंदही केली. खरं तर मी मोजला होता तो टाकीचा अपुरेपणा.

सातारा-सांगलीकडे कृष्णा, कोयना आणि त्यांना मिळणारे ओढे यांत मरळीच्या एकाहून जास्त जाती आहेत. मोठी मरळ (चना मरुलियस) मीटरभर वाढते, तिचा नाद लॅबमध्ये करू नका. वीतभर वाढणारी चना गाचुआ बरी. पिल्लं लहान असताना नर त्यांना तोंडात सांभाळतो, म्हणजे वर्तन बघायलाही भरपूर आहे.

एका जोडीला 3 फूट लांब, दीड फूट रुंद टाकी घ्या. उंचीपेक्षा तळ महत्त्वाचा, कारण हद्द तळावर आखली जाते. एक फूट पाणी भरलं तरी साधारण 120 लिटर होतं. मडक्याची खापरं, पाईपचे तुकडे, वाळलेली बदामाची पानं अशी टाका की या टोकाचा मासा त्या टोकाच्या माशाला दिसणार नाही. लपायच्या जागा माशांपेक्षा जास्त हव्यात. झाकण घट्ट बसवा, मरळ उडी मारते. पण पाणी आणि झाकण यांच्यात चार बोटं हवा ठेवा. वर येऊन श्वास घेता आला नाही तर ती पाण्यातच गुदमरते.

हाच श्वास तुम्हाला फसवतोही. पाणी बिघडलं की इतर मासे धापा टाकतात, तुम्हाला कळतं. मरळ मात्र निवांत दिसते, आणि अमोनिया तिचे कल्ले जाळत असतो. त्यामुळे मासे आणण्याआधी फिल्टर चार ते सहा आठवडे चालवून जिवाणू बसू द्या आणि अमोनिया, नायट्राइट किटने तपासा. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घाला. गांडुळं आवडीनं खाते, पण उसाच्या फडातली आणताना फवारणी कधी झाली ते विचारा.

आता जोडी कशी सोडायची? एक आज, एक आठवड्यानं, असं करू नका. आधीचा मासा टाकीचा मालक होतो आणि नवा बहुतेक वेळा हरतो. दोघांना एकदमच सोडा. उशिरा सोडावा लागलाच तर आधी खापरांची मांडणी बदला, म्हणजे जुनी हद्द मोडते.

शेवटचा मुद्दा सर्वात महाग पडतो. एका टाकीत दोन मासे ठेवून वीस वेळा चावे मोजले तर नमुने वीस होत नाहीत, दोनही होत नाहीत. एकाच्या वागण्यावर दुसऱ्याचं वागणं अवलंबून आहे, त्यामुळे एन म्हणजे टाक्यांची संख्या. हर्लबर्टनं 1984 मध्ये याच चुकीला स्यूडोरेप्लिकेशन म्हटलं. माझी पहिली तक्ताभर आकडेवारी एन = 1 होती.

सहा टाक्या परवडत नसतील तर प्रश्न बदला, टाकी लहान करू नका. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी मासे पकडण्याआधी घ्या. कोयना अभयारण्य किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या ओढ्यात तर वन विभागाच्या परवानगीशिवाय जाळं टाकूच नका. आणि प्रयोग संपल्यावर उरलेले मासे नदीत सोडू नका, टाकीतले रोग त्यांच्याबरोबर ओढ्यात जातात.